धंदा विकायचाय, पण ‘ग्राहक असेपर्यंत कमिशन’ असा करार आहे

लघुउद्योजक
पॅकिंग मशीनचे सुटे भाग बनवणारा छोटा कारखाना २७ वर्षं चालवत आले. डोळ्यांची दोन ऑपरेशनं झाली, आता मापं घ्यायच्या व्हर्नियर पट्टीवरच्या रेघा नीट दिसत नाहीत. एक चांगला खरेदीदार मिळालाय, म्हणून विकायचं ठरवलंय.

अडचण अशी. ११ वर्षांपूर्वी हातात कामच नव्हतं, तेव्हा एका विक्री एजंटाशी करार केला. त्यांनी आणलेल्या ग्राहकाच्या प्रत्येक बिलावर ६ टक्के, ‘तो ग्राहक माल घेत राहील तोपर्यंत’. मुदत नाही, नोटिशीचं कलम नाही. दोन पानं, मीच टाइप केलेली. आज निम्म्याहून जास्त विक्री त्यांनी आणलेल्या चार ग्राहकांना होते.

खरेदीदार म्हणतो, यंत्रं, साचे, ग्राहक सगळं घेतो, हा करार मात्र घेणार नाही. भाऊ म्हणतो, कारखाना विकला की करार संपला, एजंटाला आधी काही सांगूच नकोस. मला ते पटत नाही. त्या माणसाने आणलेल्या पहिल्या ऑर्डरवर मी कामगारांचे थकलेले पगार दिलेत. पण मी कारखाना सोडल्यावरही जन्मभर कमिशन देणं मला झेपणार नाही. यातून सरळपणे बाहेर कसं पडायचं?

करार_वाचक
ताई, आधी हे सांगा की धंदा कंपनीच्या नावावर आहे की तुमच्या? कंपनी असेल आणि तिचे शेअर विकले, तर करार कंपनीसोबतच जातो, खरेदीदाराला नको असला तरी. तुमच्याच नावावर असेल आणि फक्त यंत्रं-साचे विकले, तर करार तुमच्याच गळ्यात राहतो. तो खरेदीदाराकडे न्यायचा तर तुम्ही, तो आणि एजंट अशा तिघांच्या सह्या लागतील.

भावाचं म्हणणं अर्धंच खरं आहे. इंग्लंडमधले दोन जुने निकाल शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. ‘ऱ्होड्स विरुद्ध फॉरवुड’, १८७६: कोळसा विकण्यासाठी ७ वर्षांचा एजंट नेमला, मालकाने ४ वर्षांनी खाणच विकली. एजंट हरला, कारण खाण चालू ठेवीन असं वचन करारात नव्हतं. ‘टर्नर विरुद्ध गोल्डस्मिथ’, १८९१: शर्टाच्या कारखान्याने ५ वर्षांसाठी विक्रेता नेमला, कारखाना जळाला, मालकाने धंदा बंद केला. इथे विक्रेता जिंकला, कारण करार फक्त त्या कारखान्यात बनलेल्या मालापुरता नव्हता, मालकाने विकलेला कुठलाही माल त्यात येत होता. म्हणजे सगळं शब्दांवर आहे. तुमच्या करारात ‘माल’ म्हणजे कोणाचा माल?

करार कोणत्या देशाच्या कायद्याखाली आहे तेही बघा. युरोपीय संघात १९८६च्या निर्देशामुळे माल विकणाऱ्या एजंटाला करार संपताना भरपाई मागता येते. आणि आधीच कमावलेलं कमिशन कुठेही द्यावंच लागतं.

जुना_एजंट
मी दुसऱ्या बाजूने हे भोगलंय. ८ वर्षं ज्यांच्यासाठी ग्राहक जोडले त्यांनी धंदा विकला, आणि मला ते कळलं एका ग्राहकाच्या स्टोअरकीपरकडून. पैशांपेक्षा ते जास्त लागलं. मी दावा लावला, खरेदीदाराने मालकाचा शेवटचा हप्ता अडवला, दोघांचंही वर्ष वाया गेलं. आधी विचारलं असतं तर मी एका वर्षाच्या कमिशनवर सही केली असती.

म्हणून ताई, खरेदीदाराकडून विसार घ्यायच्या आधी एजंटाशी बोला. मागच्या ३ वर्षांच्या कमिशनची सरासरी काढून घेऊन जा. एकरकमी द्या, नाहीतर खरेदीदार तयार असेल तर उतरत्या दराने: पहिल्या वर्षी ६, मग ४, मग २, आणि संपलं. भांडण खरं तर अर्धवट कामांवरून होतं. ऑर्डर तुमच्या काळातली, बिल नव्या मालकाचं, मग कमिशन कोणाचं? अशा ऑर्डरींची यादी ताबा देण्याच्या दिवशी करारनाम्याला जोडा.

खरेदीदारालाही सांगा की ते चार ग्राहक एजंटाला ओळखतात. त्याने नवीन अटींवर एजंटाला ठेवलं तर त्याचाच फायदा आहे.

हिशोबनीस
वरच्याशी सहमत. फक्त खरेदीदारापासून हा करार कागदोपत्री लपवू नका. विक्रीच्या करारात ‘दुसरं कोणतंही देणं नाही’ अशी हमी बहुतेक वेळा असते, ती खोटी ठरली तर भरपाई तुमच्याकडून जाईल. तडजोडीची रक्कम विक्रीच्या पैशातूनच थेट एजंटाला द्या, आणि ‘सर्व हिशोब चुकता, पुढे दावा नाही’ असं लिहून घ्या.

लघुउद्योजक
सगळ्यांचे मनापासून आभार. धंदा माझ्याच नावावर आहे. करार पुन्हा वाचला, त्यात ‘आमच्या कारखान्यातून गेलेला माल’ असे शब्द आहेत. तरी वकिलांना दाखवतेय.

आज एजंटांना फोन केला. थोडा वेळ गप्प होते. मग विचारलं, चौथ्या ग्राहकाची नवी डाय (साचा) अर्धवट आहे, ती कोण पूर्ण करणार? ती यादीत पहिली लिहिली. रविवारी ते हिशोबाची वही घेऊन येतायत.