मदत हवी आहे: घरच्या प्रार्थनासभेबद्दल

सर्वांना सलाम. नगरहून पुण्याला येऊन दोन वर्षं झाली, रविवारी चर्चला जाते पण तिथली उपासना इंग्रजीत असते आणि खरं सांगू, पेटी-तबल्यावर ना. वा. टिळकांची भजनं म्हणताना मन जसं भरून यायचं तसं इथे होत नाही. त्यात जॉब गेलाय, बायबलमधलं ३७वं स्तोत्र रोज वाचते, "परमेश्वरावर सोपवून दे" म्हणते तरी रात्री झोप लागत नाही. आता दर बुधवारी घरीच मराठी प्रार्थनासभा घ्यावी असं फार वाटतंय, चार-पाच जण येतील, पण सुरुवात कशी करू? आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये (पंडिता रमाबाईंनी निराधार स्त्रिया-मुलांसाठी सुरू केलेली संस्था) सेवेला जायचं असेल तर आधी कुणाशी बोलावं लागतं? कुणी गेलं असेल तर प्लीज सांगा, आणि माझ्यासाठी प्रार्थनाही करा.