मदत हवी आहे: विहिरीच्या पाण्याखाली फोटो काढताना आयएसओ किती ठेवावा?

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरचा. आमचं शेत मोहोळ तालुक्यात आहे आणि शेतात आजोबांच्या काळातली बांधीव विहीर. माझे वडील, तात्या, गेली ४० वर्षं दर उन्हाळ्यात तिथे गावातल्या पोरांना पोहायला शिकवतात. पूर्वी पाठीला वाळलेला भोपळा बांधायचे, आता ५ लिटरचा रिकामा कॅन असतो. काही दिवसांनी तो कॅन सुटतो आणि पोराच्या पोटाखाली फक्त तात्यांचा हात उरतो. मग तोही हळूच खाली जातो, पोराला कळतसुद्धा नाही. काठावरून हे काही दिसत नाही. मला पाण्याखालून नेमका तो हात टिपायचा आहे. तात्या आता ७२ वर्षांचे आहेत, विहिरीच्या पायऱ्या थांबत थांबत उतरतात. त्यामुळे यंदाच हे व्हायला हवं.

मित्राकडून ऑलिम्पस टीजी-६ हा पाण्यात चालणारा कॅमेरा घेतलाय. १५ मीटर खोलीपर्यंत चालतो, आपल्याला तर ३-४ फूटच जायचंय. रविवारी दुपारी चारच्या सुमारास भाच्याला घेऊन तासभर प्रयत्न केला. आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील असावा तो आकडा) २०० ठेवला तर हात, पाय सगळं पुसल्यासारखं आलं. माहिती उघडून पाहिली तर शटर १/३०, म्हणजे सेकंदाचा तिसावा भाग उघडं. मग ३२०० केला. चित्र स्थिर आलं, पण चेहऱ्यावर वाळू पसरल्यासारखे दाणे आणि रंग शेवाळी. फ्लॅश लावून पाहिला तर समोर पांढऱ्या ठिपक्यांचा पाऊस.

यूट्यूबवर सगळे समुद्राबद्दल सांगतात, निळं पाणी, कोरल वगैरे. आमचं पाणी हिरवट आहे, आणि पाण्याची पातळी काठापासून २५ फूट खाली, म्हणजे चारला विहिरीत ऊन नसतंच. अशा ठिकाणी आयएसओ किती? आणि या कॅमेऱ्यात शटर मला हातानं ठरवता येत नाहीये, ते कुठे असतं?

जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

दादा, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्यातच आहेत. या कॅमेऱ्यात शटर हातानं ठरवायची सोयच नाही. ए मोडमध्ये लेन्सचं छिद्र (ज्यातून उजेड आत येतो ते) आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवणार. झूम न करता छिद्र एफ/२ वर, म्हणजे सगळ्यात मोठं ठेवा, सगळ्यात जास्त उजेड तिथूनच येतो. आता तुमच्या हातात उरला आयएसओ, आणि तोच तुमचं शटर चालवणार. चारच्या उजेडात २००ला १/३० मिळालं ना? मग ४००ला १/६०, ८००ला १/१२५ आणि १६००ला १/२५० मिळेल. पाय मारणारं पोर १/१२५ च्या खाली स्थिर येत नाही, १/२५० असेल तर निर्धास्त. म्हणजे आधी शटर किती हवं ते ठरवा आणि तिथून मागे येत आयएसओ ठरवा. ऑटोवर सोडू नका.

दाण्यांचं म्हणाल तर या कॅमेऱ्याचा सेन्सर (चित्र टिपणारा भाग) लहान आहे, १६०० च्या पुढे त्याला दम लागतो. पण आयएसओ कमी ठेवून काळपट फोटो काढायचा आणि नंतर कॉम्प्युटरवर उजळायचा, हे करू नका. त्यात दाणे उलट जास्त दिसतात. विहिरीच्या अंधारात स्क्रीन भलतीच उजळ वाटते आणि फोटो चांगला आला असं वाटतं, म्हणून हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतला उजेड-अंधार दाखवणारा आलेख, बघत चला.

खरा उपाय मात्र कॅमेऱ्यात नाही, वेळेत आहे. चारला जाऊ नका. सोलापुरात मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर. आणि आपल्याकडे मध्यान्ह बाराला होत नाही, साधारण १२ वाजून २० मिनिटांनी होते. त्याच्या आधी-नंतरच्या काही दिवसांतही त्या वेळी ऊन विहिरीत सरळ उतरतं. फारच तिरप्या उन्हाचा बराच भाग पाण्यावरून परत फिरतो, सरळ पडलेलं जवळजवळ सगळं आत शिरतं. तेव्हा २०० वर सुरुवात करा आणि शटर काय मिळतं ते बघा.

रंगासाठी रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल, जिचे रंग नंतर सुधारता येतात) काढा. पाणी लाल रंग आधी खातं आणि शेवाळ निळाही खातं, उरतो हिरवा. उजेड जेवढं पाणी कापून कॅमेऱ्यात येतो तेवढा रंग जातो, म्हणून खोली कितीही कमी असली तरी पोरापासून हातभर अंतरावर या. पाण्यात वस्तू आहे त्यापेक्षा पाव हिस्सा जवळ दिसते, म्हणजे तुम्हाला वाटेल त्याहून पुढे जावं लागेल. फ्लॅश बंदच ठेवा. ते ठिपके म्हणजे पाण्यातला गाळ, लेन्सला लागूनच फ्लॅश असल्यानं आधी तोच चमकतो. सगळ्यांना उतरून पाच-दहा मिनिटं शांत थांबायला सांगा, गाळ थोडा बसतो.

आणि एक. तात्यांचं लक्ष पोरावर, तुमचं स्क्रीनवर. काठावर दोर घेऊन तिसरा माणूस हवाच.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

मनापासून आभार. आज जाऊन आलो. चुलतभाऊ दोर घेऊन पायरीवर बसला होता. १२:१५ ला ऊन पाण्यात उतरलं आणि तळाचा दगडसुद्धा दिसायला लागला. २००ला १/५०० मिळालं, मग १०० केला तरी १/२५०. दाणे जवळजवळ नाहीत. पोराच्या पोटावर उन्हाच्या रेघा हलताना जशा दिसतात तशा आल्यात. साधारण पाऊण वाजता ऊन भिंतीवर चढलं, मग ८०० वर नेलं आणि थोडे काढले, तेही चालण्यासारखे आहेत.

एका फोटोत तात्यांचा हात पोटापासून चार बोटं खाली आहे आणि पोर आपलं आपण तरंगतंय. संध्याकाळी तात्यांना मोठा करून दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "ह्याचा पाय गुडघ्यात वाकतोय बघ. उद्या सांगतो त्याला."