ॲपलेशियन पर्वताचं वय कोणतं धरायचं, आणि तो अजून उभा कसा?

नीसप्रेमी: अमेरिकेच्या पूर्वेकडच्या ॲपलेशियनमधल्या ब्लू रिज रांगेतल्या नीसवरचे (उष्णता-दाबाने बदललेल्या पट्टेदार खडकावरचे) आकडे शेजारी शेजारी ठेवले की गोंधळ उडतो. झिरकॉन या टिकाऊ खनिजाच्या कणाचा गाभा 100 ते 110 कोटी वर्षांचा, त्याच झिरकॉनच्या कडा 46 ते 45 कोटींच्या आणि ॲपेटाइट या दुसऱ्या खनिजाची वयं थेट डायनोसॉरांच्या काळातली. यातलं पर्वताचं वय कोणतं? शिवाय दर 10 लाख वर्षांना 25 ते 30 मीटर झीज धरली, तर शेवटच्या टकरीपासूनच्या 26 कोटी वर्षांत साडेसहा ते पावणेआठ किलोमीटर खडक निघून गेलेला असणार. मग इथलं सर्वोच्च शिखर माउंट मिचेल आजही 2,037 मीटर कसा?

कॉनकॉर्डिया: तिन्ही आकडे बरोबर आहेत, पण तिन्ही वेगवेगळ्या घटनांचे आहेत. वय मोजतात ते युरेनियमपासून बनणाऱ्या शिशावरून, आणि झिरकॉनमधलं हे शिसं 900 अंश सेल्सिअसलाही जवळपास हलत नाही. अभ्रकात पोटॅशियमपासून बनणारा आरगॉन वायू 300-400 अंशांच्या खाली गेल्यावर अडकतो, तर ॲपेटाइटमधल्या विखंडन-रेषा (युरेनियमचे अणू फुटताना पडणारे ओरखडे) टिकायला तापमान सुमारे 110 अंशांखाली यावं लागतं. म्हणजे ॲपेटाइट एवढंच सांगतं, की झीज होत होत खडक साधारण चार किलोमीटर खोलीपर्यंत वर कधी आला. टकरीबद्दल ते काहीच सांगत नाही.

गाभा ग्रेनव्हिल पर्वताचा, म्हणजे रोडिनिया हे प्राचीन महाखंड जुळलं तेव्हाचा. कडा टॅकॉनिक टप्प्याच्या. तेव्हा लॉरेन्शियाच्या (प्राचीन उत्तर अमेरिकेच्या) काठावर ज्वालामुखी बेटांची माळ येऊन आदळली. त्यानंतर टकरीचा अकेडियन टप्पा झाला आणि 32.5 ते 26 कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेशी टक्कर होऊन पँजिया हे महाखंड पुरं झालं. एकाच पट्ट्यावर चार पर्वत घडलेत, त्यामुळे एकच वय मागू नका.

कामात चूक होते ती वय मोजायला कणावर मारलेल्या लेझरच्या ठिपक्यात. 30 मायक्रॉनचा ठिपका अर्धा गाभ्यावर आणि अर्धा कडेवर पडला, तर मधलंच एक वय येतं आणि त्या वयाची घटना घडलेलीच नसते. म्हणून आधी कॅथोडोल्युमिनेसन्सचं (इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने कण चमकवून घेतलेलं) चित्र घ्या, वाढीचे पट्टे बघा आणि मगच ठिपका ठरवा. थोरियम-युरेनियम गुणोत्तर 0.1 च्या खाली असेल तर कड बहुधा रूपांतरणातली, म्हणजे उष्णता-दाबाने खडक बदलताना वाढलेली असते. पण तेवढ्यावर विसंबू नका, कारण शेजारी वाढणारं मोनाझाइट हे खनिजही थोरियम खाऊन टाकतं.

मूळ_आणि_माथा: उंचीचं उत्तर पर्वताच्या मुळात, म्हणजे त्याच्याखाली प्रावरणात खोल रुतलेल्या जाड कवचात आहे. कवचाची घनता 2.75 आणि प्रावरणाची 3.3 (ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर) धरा. वरून 1 किलोमीटर खडक झिजला की खालचं मूळ तरंगत सुमारे 830 मीटर वर येतं, त्यामुळे माथा जेमतेम 170 मीटर उतरतो. तुमच्या 7 किलोमीटर झिजेला उंची घटते फक्त 1.2 किलोमीटर.

पण हा हिशोब मूळ हलकं राहिलं तरच खरा. थंड होताना या मुळामध्ये गार्नेट हे जड खनिज वाढतं, काही भागाचं एक्लोजाइट (गार्नेटयुक्त जड खडक) होतं, घनता प्रावरणाच्या जवळ जाते आणि उचल कमी होते. रशियातला उरल पर्वत बघा: कवच 50 किलोमीटरहून जाड, तरी सर्वोच्च शिखर नरोदनाया 1,895 मीटर. नॉर्वेत याच्या उलट झालं. कॅलेडोनियन या जुन्या खंड-टकरीनंतर जाड झालेलं कवच ताणलं जाऊन पसरलं आणि 90 किलोमीटरहून खोल गेलेले खडक वर आले. तिथल्या आजच्या उंचीला उरलचा हिशोब लावता येत नाही.

नीसप्रेमी: आणि जिथे डोंगरच उरला नाही, तिथे दोन खंड जुळल्याची जुनी शिवण कशी ओळखायची?

कॉनकॉर्डिया: ओफिओलाइटचे (जमिनीवर आलेल्या सागरतळाच्या कवचाचे) तुकडे शोधा, आणि दोन्ही बाजूंच्या वाळूखडकांतल्या झिरकॉनची वयं ताडून बघा. जीवाश्मांचंही तेच. स्कॉटलंडमधले कँब्रियन काळातले ट्रायलोबाइट (नामशेष समुद्री संधिपाद प्राणी) उत्तर अमेरिकेतल्यांशी जुळतात, वेल्समधल्यांशी नाही. अशाच विसंगतीवरून भूवैज्ञानिक टूझो विल्सन यांनी 1966 मध्ये अटलांटिकआधीचा एक समुद्र मिटला होता, असं मांडलं.

मूळ_आणि_माथा: त्यात भर घालतो. सबडक्शनमध्ये (एक भूपट्ट दुसऱ्याखाली जाताना) बनणारं निळं खनिज ग्लॉकोफेन नंतरच्या उष्णतेत हिरवं पडतं, त्यामुळे खडकाच्या रंगावर जाऊ नका. गार्नेटच्या पोटात अडकलेले कण तपासा. कोएसाइटचा (प्रचंड दाबाखाली बनणाऱ्या क्वार्ट्झच्या रूपाचा) संशय असेल तर रॅमन वर्णपटात (लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून खनिज ओळखतात तो) 521 प्रति सेंटीमीटरचं शिखर दिसायला हवं. 464 आलं तर ते क्वार्ट्झ. पण कणाभोवती गार्नेटमध्ये चहूबाजूंनी भेगा फुटलेल्या दिसल्या, तर तो कण पूर्वी कोएसाइट असू शकतो आणि वर येताना फुगून त्याचं क्वार्ट्झ झालेलं असू शकतं. अशा वेळी त्याच छेदातली बाकीची गार्नेटंही तपासा. एखाद्यात न बदललेला कण शिल्लक असतो.