टोनी बेन यांनी उमरावपद 'नाकारलं' की 'सोडलं'?

प्रश्न : ब्रिटनच्या मजूर पक्षाचे नेते टोनी बेन यांच्याबद्दल 'त्यांनी सरदारकी नाकारली' असं वाचलं. हे बरोबर आहे का?

उत्तर : 'नाकारली' मला पटत नाही. जे कोणी देऊ करतं ते नाकारायचं. बेन यांना कोणी विचारलंच नव्हतं. त्यांचे वडील विल्यम वेजवुड बेन (मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळचे भारतमंत्री) १९४२ मध्ये व्हायकाउंट (उमरावांमधला एक दर्जा) स्टॅन्सगेट झाले. थोरला मुलगा मायकेल १९४४ मध्ये युद्धात गेला. नोव्हेंबर १९६० मध्ये वडील वारले, तेव्हा पद आपसूक टोनींवर आलं. अशा उमरावाची जागा 'लॉर्ड्स' या वरिष्ठ सभागृहात, लोकांनी निवडलेल्या 'कॉमन्स'मध्ये त्याला बसता येत नसे, म्हणून ब्रिस्टल साउथ ईस्टची खासदारकी गेली. १९६१ च्या पोटनिवडणुकीत मतदारांनी पुन्हा त्यांनाच निवडलं, तरी निवडणूक न्यायालयानं जागा हरलेल्या हुजूर पक्षाच्या उमेदवाराला दिली! शेवटी कायदाच बदलावा लागला. ३१ जुलै १९६३ ला उमरावपद सोडण्याची मुभा देणारा पीअरेज अ‍ॅक्ट झाला आणि त्याच दिवशी बेन यांनी पद सोडलं. अंगावर आलेलं होतं, म्हणून 'सोडलं'.

प्रश्न : आणि 'सरदारकी'? बापाकडून मुलाकडे जातं, तर 'वतन' का म्हणू नये?

उत्तर : वतनाच्या तक्षिमा (वाटण्या) होत, भाऊबंद वाटा मागत, प्रसंगी ते विकलंही जाई. हे पद वाटता येत नाही, विकता येत नाही. एका वेळी एकाच वारसाकडे जातं. 'सरदार' म्हटलं की फौज आणि पागा आठवते. 'उमराव' सगळ्यात जवळचा. मुळात तो अरबी 'अमीर'चा अनेकवचनी शब्द, पण मराठीत एका माणसालाही आपण खुशाल उमराव म्हणतो. त्याच्या आधी 'वंशपरंपरागत' मात्र हवंच, कारण १९५८ च्या कायद्यानंतर तहहयात उमरावही लॉर्ड्समध्ये बसू लागले.

आणखी एक मत : मग 'त्याग' का नको? जास्त भारदस्त वाटतो.

उत्तर : त्यागात कायमचं देऊन टाकणं येतं. या कायद्यानं पद सुटतं ते सोडणाऱ्याच्या हयातीपुरतं, वारसाचा हक्क राहतो. शिवाय बेन यांचा झगडा मतदारांचा कौल मानला जावा यासाठी होता. 'त्याग' म्हटलं की ते झाकलं जातं. त्याच कायद्याचा आधार घेऊन ऑक्टोबर १९६३ मध्ये हुजूर पक्षाचे अर्ल ऑफ होम यांनी पद सोडलं, ते पंतप्रधान म्हणून कॉमन्समध्ये बसता यावं म्हणून. तिथे तर 'त्याग' अगदीच विसंगत. बेन २०१४ मध्ये वारले, मुलगा स्टीफन तिसरे व्हायकाउंट झाले आणि २०२१ मध्ये मजूर पक्षाचे वंशपरंपरागत उमराव म्हणून लॉर्ड्समध्ये गेले.