मदत हवी आहे: इन्सर्ट (टूलची कापणारी टीप) झिजत असताना सीपीके (प्रोसेस टॉलरन्समध्ये किती आरामात बसते त्याचा आकडा) कसा मांडायचा?

भोसरीत छोटं सीएनसी वर्कशॉप आहे. स्टीलच्या बुशचा बोअर (आतलं भोक) 25 एच7, म्हणजे 25 मिमी व्यासाला अख्खा टॉलरन्स (चालणारा फरक) 21 मायक्रॉनचा. ग्राहकाला सीपीके किमान 1.33 हवाय. एकूण सिग्माने (सगळ्या मापांच्या पसाऱ्यावरून) काढला तर आमचा 1.1 येतो, आर-बारवरून (छोट्या गटांच्या आतल्या फरकाच्या सरासरीवरून) काढला तर 1.7. तो 1.7 दाखवायला मन धजत नाही. रिजेक्शन जवळजवळ नाही, त्यामुळे सेटर म्हणतो, "साहेब, कागदासाठी कशाला डोकं फोडताय?"

एक्स-बार चार्टवर (गटांच्या सरासरीच्या) बोअर इन्सर्टच्या झिजेबरोबर हळूहळू लहान होत जातो आणि ऑफसेट (मशीनमध्ये टूलच्या जागेची दुरुस्ती) दिला की एकदम वर उडी. रेंज चार्ट (गटाच्या आतल्या फरकाचा) शांत.

मशीन तापवूनच पहिला पार्ट घेतो, पार्ट थंड झाल्यावरच मोजतो (10 अंशांनी बोअर जवळपास 3 मायक्रॉन हलतो), इन्सर्टचा ग्रेडही बदलून पाहिला. डायल बोअर गेजचा आर अँड आर (मोजणीतूनच येणारा फरक) टॉलरन्सच्या 24 टक्के, ग्राहकाने तूर्त चालवून घेतलाय. एअर गेजला यंदा बजेट नाही, इन्स्पेक्टर एकच.

अशा प्रोसेसचा सीपीके ऑडिटमध्ये तुम्ही कोणत्या सिग्माने मांडता? आणि दर किती पार्टला ऑफसेट द्यायचा, हे चार्टवरून कसं ठरवता?