'स्वतंत्र' विदर्भ, 'स्वतंत्र' क्वेबेक: फुटीर कोणाला म्हणायचं?

पेठकर: सदाशिव पेठेतल्या आमच्या अभ्यासिकेत काल जुंपली. एकानं सरावाच्या उत्तरात 'विदर्भातील फुटीरतावादी चळवळ' असं लिहिलं आणि शेजारचा अमरावतीचा पोरगा भडकला. स्वायत्तता, स्वतंत्र राज्य, फुटीरता यांत रेघ कुठे ओढायची?

अस्सल वऱ्हाडी: भडकणारच ना बाप्पा! वेगळं राज्य मागतो आम्ही, वेगळा देश नाही. घटनेच्या कलम ३ प्रमाणे संसद नवं राज्य करू शकते. २०१४ मध्ये तेलंगणा तसंच तर झालं.

शब्दवेल्हाळ: सगळा घोळ 'स्वतंत्र'नं घातलाय. मराठीत तो 'निराळा' या अर्थानंही सर्रास चालतो. पेठेतल्या पाट्या वाचा: 'विद्यार्थिनींसाठी स्वतंत्र खोली'. थोरला भाऊ 'स्वतंत्र राहतो' म्हणजे चूल वेगळी, बाकी काही नाही. त्यामुळे 'स्वतंत्र विदर्भ' हे भारतातलंच राज्य, पण क्वेबेक हा कॅनडाचा प्रांत, तेव्हा 'स्वतंत्र क्वेबेक' म्हणजे कॅनडाबाहेरचा देश. मी पहिल्याला 'वेगळं राज्य' म्हणतो, दुसऱ्याला 'सार्वभौम'. क्वेबेकवालेही स्वतःला सार्वभौमत्ववादीच म्हणवतात. १९९५ च्या सार्वमतात त्यांना ४९.४२ टक्के मतं पडली. जवळजवळ निम्म्या मतदारांना फुटीर ठरवायला माझी तरी लेखणी धजत नाही, कारण त्या शब्दात निकाल आधीच लागलेला असतो. (पक्ष सोडलेल्या आमदारानं स्वतःला कधी 'फुटीर' म्हटलेलं ऐकलंय?)

पेठकर: आणि स्वायत्तता?

शब्दवेल्हाळ: पुण्यातली स्वायत्त महाविद्यालयं बघ की. अभ्यासक्रम त्यांचा, परीक्षा त्यांची, पदवी विद्यापीठाची. घटनेच्या सहाव्या अनुसूचीतल्या, आदिवासी भागांसाठीच्या स्वायत्त जिल्हा परिषदाही तशाच. आसाम, मेघालय, त्रिपुरा, मिझोराममध्ये त्या जमीन, वारसा, रूढी अशा विषयांवर कायदे करतात, पण राज्यपालांची संमती लागते.

कोथरूडची काकू: माझी थोडी भर. आपल्या घटनेत 'राज्यांचा संघ' हा शब्द मुद्दाम घातलाय. डॉ. आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत सांगितलं होतं की हा संघ राज्यांच्या आपसातल्या करारातून झालेला नाही, म्हणून कुठल्याच राज्याला बाहेर पडायचा हक्क नाही. इथिओपियात उलटं आहे, तिथल्या घटनेचं कलम ३९ तो हक्क चक्क देऊन ठेवतं. मग तिथे कायद्यानं वेगळं होऊ पाहणाऱ्याला फुटीर कसं म्हणणार?

अस्सल वऱ्हाडी: ते सारं झालं. त्या गड्यानं उत्तरातला शब्द खोडला का?

पेठकर: खोडला. 'विभाजनवादी' लिहिलंय.

अस्सल वऱ्हाडी: पत्ता दे अभ्यासिकेचा.