जहाजावरील जुने टेलिफोन एक्स्चेंज बदलताना वीज, अर्थिंग आणि सॅटेलाइट लाइनची जोडणी कशी करावी?

तुर्भेकर (प्रश्न)

नमस्कार. तुर्भ्याला माझे टेलिफोन आणि इंटरकॉमच्या कामाचे दुकान असून गेली सोळा वर्षे वाशीपासून खारघरपर्यंतच्या सोसायट्या, लहान रुग्णालये आणि महापे-रबाळेचे कारखाने येथे मी ईपीएबीएक्स बसवत आलो आहे. जहाजावरचे काम मात्र या महिन्यात पहिल्यांदाच अंगावर आले. दुरुस्तीसाठी मुंबई बंदरात उभ्या असलेल्या एका मालवाहू जहाजावरील ३२ लाइनचे अ‍ॅनालॉग एक्स्चेंज काढून त्या जागी ४८ लाइनचे नवे अ‍ॅनालॉग एक्स्चेंज बसवायचे आहे. जुन्याची दोन कार्डे जळाली आहेत आणि ती आता बाजारात मिळत नाहीत.

पाहणीला गेलो आणि पहिल्याच पायरीवर अडलो. एक्स्चेंजच्या २२० व्होल्टच्या ब्रेकरवर टेस्टर लावला, तर तो दोन्ही तारांवर पेटला. न्यूट्रल कुठेच सापडेना. अर्थिंग कुठे आहे असे सवयीने विचारले, तेव्हा जहाजाच्या इलेक्ट्रिशियनने पायाखालच्या लोखंडाकडे बोट दाखवले आणि वर बजावले की, तुमच्या मशिनमुळे माझा अर्थ लॅम्प मंद झाला, तर मी ते तिथल्या तिथे बंद करीन. त्याचे म्हणणे मला अर्धेच कळले.

मला मुख्यतः तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. एक्स्चेंजला २२० व्होल्ट आणि २४ व्होल्टची बॅटरी अशा दोन्ही जोडण्या आहेत, त्या नव्या एक्स्चेंजला जशाच्या तशा द्याव्यात काय? इंजिन रूममधील घंटा कोणालाच ऐकू येत नाही अशी तक्रार आहे, तिथे काय करावे? आणि सॅटेलाइट टर्मिनलची लाइन एक्स्चेंजमध्ये घेताना कोणती काळजी घ्यावी? सोसायटीत आपण मजल्यानुसार फ्लॅटचे क्रमांक देतो, त्याच पद्धतीने इथेही डेकनुसार नवे क्रमांक द्यावेत असा माझा विचार आहे. त्याबद्दलही जाणकारांनी सांगावे.

जुना_इटीओ

तुमच्या टेस्टरने खरे तेच सांगितले. जहाजावर साधारणपणे ४४० व्होल्ट, ६० हर्ट्झची तीन फेजची वीज तयार होते, ट्रान्सफॉर्मरमधून त्यातून २२० व्होल्ट काढले जातात, आणि बहुतेक मालवाहू जहाजांवर ही सारी व्यवस्था लोखंडी सांगाड्यापासून अलग ठेवलेली असते. एखादी तार सांगाड्याला लागली तरी लगेच ब्रेकर पडून सुकाणूच्या मोटरसारखे यंत्र भर समुद्रात थांबू नये, हा त्यामागचा हेतू आहे. त्यामुळे न्यूट्रल असा काही नसतोच. दोन्ही तारा जिवंत समजायच्या, ब्रेकर दोन्ही तारा तोडणारा घ्यायचा, आणि एकाच तारेत फ्यूज असलेले उपकरण आपल्या सवयीच्या भरवशावर उघडायचे नाही. अशा व्यवस्थेत पहिला दोष काहीच बंद पाडत नाही, म्हणून तो दाखवण्यासाठी स्विचबोर्डवर अर्थ लॅम्प असतात. ज्या तारेचा दोष, तिचा दिवा मंद होतो. इलेक्ट्रिशियन दर वॉचला (पाळीला) ते दिवे पाहतो, आणि तो तुम्हाला बजावतो आहे त्याचे कारण पुढे आहे.

टेलिफोन एक्स्चेंजच्या आत लाइनला उणे ४८ व्होल्ट दिलेले असतात, म्हणजेच धन टोक अर्थला बांधलेले असते. जमिनीखालच्या केबलचे तांबे झिजू नये म्हणून टेलिफोन खात्यांनी ही रीत पाडली, आणि लहान एक्स्चेंजमध्येही ती तशीच उतरली आहे. आता जहाजाची २४ व्होल्टची बॅटरी व्यवस्थाही सांगाड्यापासून अलग असते. तुमच्या एक्स्चेंजचा २४ वरून ४८ करणारा कन्व्हर्टर जर आतून अलग केलेला नसेल, तर एक्स्चेंजची बॉडी सांगाड्याला जोडताक्षणी बॅटरीचे एक टोक सांगाड्याला बांधले जाते आणि ब्रिजवरच्या (जहाज चालवण्याच्या कक्षातल्या) पॅनेलवर अर्थ फॉल्ट दिसू लागतो. मी हे पुस्तकातून सांगत नाही. एका जहाजावर मी स्वतः असा कन्व्हर्टर लावला आणि रात्रभर नेव्हिगेशन दिव्यांच्या तारा एकेक करून सोडवत बसलो. दोष माझ्याच नव्या पेटीत आहे हे पहाटे ध्यानात आले. म्हणून इनपुट आणि आउटपुट एकमेकांपासून अलग असलेला कन्व्हर्टर घ्या, आणि बॅटरी जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने २४ व्होल्टच्या दोन्ही टोकांपासून बॉडीपर्यंत काहीही वाट नाही याची खात्री करा.

जुन्या दोन्ही जोडण्या ठेवाव्यातच. २२० व्होल्टची जोडणी इमर्जन्सी स्विचबोर्डवरूनच येते आहे ना, हे ड्रॉइंगमध्ये पाहून घ्या. मुख्य वीज गेल्यावर इमर्जन्सी जनरेटरने आपोआप सुरू होऊन ४५ सेकंदांच्या आत भार घ्यावा, असा सोलास या जहाज-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराचा नियम आहे, आणि मालवाहू जहाजावर त्याने १८ तास आवश्यक अंतर्गत संपर्क चालवावा अशी अपेक्षा असते. मधल्या त्या ४५ सेकंदांतच सर्वांत जास्त फोन होतात, म्हणून बॅटरी हवी. भिंतीवरच्या सॉकेटात लोंबकळणारा अडॅप्टर मात्र कृपा करून लावू नका. जहाज एका बाजूला वीस अंश कलले की तो आधी बाहेर येतो.

आणखी एक सूचना, जी तुम्हाला कोणी देणार नाही. यार्डात केबलचे इन्सुलेशन तपासायला लोक ५०० व्होल्टचा मेगर घेऊन फिरत असतात. मेगर लावण्याआधी क्रोनवरून (सर्व लाइनच्या तारा जिथे जोडल्या जातात त्या पट्टीवरून) एक्स्चेंजच्या बाजूचे सर्व जोड काढून ठेवा आणि तिथे तसा कागद चिकटवा. तुमची जुनी दोन कार्डे वयोमानाने गेली असतील असे मला वाटत नाही.

क्रमांकांबद्दल: डेकनुसार रचना करू नका. जुने क्रमांक जसेच्या तसे ठेवा. ते मस्टर लिस्टवर (संकटात कोणी कुठे जमायचे त्या यादीवर), केबिनच्या दारामागच्या कार्डावर आणि माणसांच्या बोटांत बसलेले असतात. नव्या १६ लाइनना हवे ते क्रमांक द्या.

वॉच_कीपर_ऐरोली

वीज-अर्थिंगबद्दल वर आलेच आहे. मी इंजिन रूम आणि ब्रिजबद्दल लिहितो.

इंजिन रूममध्ये आवाजाची कमाल मर्यादा नव्या जहाजांसाठी ११० डेसिबल, तर कंट्रोल रूममध्ये ७५ डेसिबल आहे. यावरून कल्पना करा की कान झाकून काम करणाऱ्या माणसाला टेलिफोनची साधी घंटा कशी ऐकू येणार. त्यावर लोक करतात ती चूक अशी, की त्याच लाइनवर समांतर आणखी दोन-तीन घंटा जोडतात. रिंगचा मर्यादित करंट त्या सगळ्यांत वाटला जातो आणि मग एकही धड वाजत नाही. लाइनवर फक्त रिंग ओळखणारा रिले बसवावा, आणि हॉर्न व फिरता दिवा यांना त्या रिलेच्या संपर्कातून स्वतंत्र वीज द्यावी. दिवा नवा लावण्यापूर्वी तिथला सिग्नल कॉलम पाहा. आग, सीओटू (आग विझवण्यासाठी सोडायचा गुदमरवणारा वायू), इंजिन अलार्म यांच्या चिन्हांबरोबर टेलिफोनच्या चिन्हाचा एक कप्पा त्यात बहुधा असतो, त्यालाच जोडा. वेगळ्या रंगाचा दिवा आपल्या मनाने लावाल, तर सीओटू सुटल्याचा समज होऊन माणसे पळत सुटतील. बोलण्यासाठी आवाजरोधक झापड असलेला बूथ आणि भोवतालचा गोंगाट गाळणारा माउथपीस असलेला हँडसेट पाहिजे.

ब्रिजला अग्रक्रम देण्याचे प्रोग्रामिंग पहिल्याच दिवशी करावे. चीफ इंजिनिअर स्वयंपाकघराशी डब्याबद्दल बोलत असला, तरी ब्रिजवरून केलेल्या कॉलला त्या लाइनमध्ये शिरता आले पाहिजे. स्टिअरिंग गिअर रूममधील (सुकाणूच्या यंत्राच्या खोलीतील) फोन उचलताच ब्रिजवर वाजावा, अशी हॉटलाइन करून ठेवा. पण या दोन्ही सोयी असल्या, तरी तिथे वेगळा बसवलेला, बॅटरीशिवाय आवाजाच्या ताकदीवर चालणारा हाताने फिरवायचा टेलिफोन काढायचा नाही, आणि त्याची केबल तुमच्या एक्स्चेंजच्या क्रोनवर आणायची नाही. सोलासनुसार ब्रिजवरून इंजिनचे आदेश देण्यासाठी दोन स्वतंत्र साधने लागतात, त्यांपैकी एक टेलिग्राफ (इंजिनचा वेग-दिशा कळवणारे दांड्याचे यंत्र) असतो. दुसरे साधन म्हणून कागदोपत्री कोणता टेलिफोन दाखवला आहे ते आधी पाहा. तो तुमच्या एक्स्चेंजवरचाच असेल, तर क्लासच्या (जहाजाची तपासणी करून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या) सर्वेक्षकाला कळवल्याशिवाय त्याला हात लावू नये. पवईच्या इंडियन रजिस्टरचे जहाज असो वा दुसऱ्या कोणाचे, नव्या एक्स्चेंजच्या टाइप अ‍ॅप्रूव्हलची (जहाजासाठी मान्यता असल्याच्या प्रमाणपत्राची) प्रत तो मागेलच.

ब्रिजवर नवा फोन बसवताना जागाही जपून निवडा. हँडसेटच्या स्पीकरमध्ये चुंबक असतो, आणि होकायंत्रापासून किती अंतर ठेवावे हे जहाजी उपकरणावर लिहिलेले असते. आपल्या बाजारातल्या फोनवर ते लिहिलेले नसते.

सॅटलाइन_बेलापूर

सॅटेलाइट टर्मिनलचा अ‍ॅनालॉग पोर्ट स्वतःच डायल टोन देतो, म्हणजे टेलिफोन खात्याच्या लाइनची भूमिका तो करतो. तो एक्स्चेंजच्या ट्रंक पोर्टला (बाहेरची लाइन घेण्याच्या जागी) जोडा. एक्स्टेंशन पोर्टला जोडलात, तर दोन्ही बाजू एकमेकींना व्होल्टेज देत बसतील आणि फोन मुका राहील.

खरी डोकेदुखी कॉल संपल्यावर सुरू होते. पलीकडच्याने फोन ठेवला हे एक्स्चेंजला एंगेज टोनवरून कळते. आपल्याकडचा एंगेज टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद चालू आणि पाऊण सेकंद बंद असा असतो. टर्मिनलचा बहुधा युरोपीय पद्धतीचा, ४२५ हर्ट्झचा आणि अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचा असतो. इथल्या बाजारासाठी प्रोग्राम केलेले एक्स्चेंज तो ओळखत नाही, ट्रंक धरून ठेवते, आणि मिनिटाच्या दराने बिल चालू राहते. म्हणून टोनची माहिती टर्मिनलच्या सेटिंगमधून तपासून एक्स्चेंजमध्ये भरा आणि त्याशिवाय ट्रंकवर कमाल वेळेची मर्यादा घाला. केबिनमधून बाहेरचे कॉल पिन क्रमांकाशिवाय लागणार नाहीत असे करा. भूस्थिर उपग्रह जवळजवळ ३६,००० किलोमीटरवर असल्याने बोलणे पोहोचायला पाव सेकंद आणि उत्तर यायला आणखी तेवढाच वेळ लागतो. प्रतिध्वनी येऊ लागला, तर ट्रंकचा आवाज वाढवू नका, कमी करा.

संकटसंदेशाच्या टर्मिनलला मात्र एक्स्चेंजची तार लावायची नाही, कोणीही सांगितले तरी.

नेटवर्कवाला_ठाणे

सर्वांचा आदर ठेवून विचारतो, की आजच्या काळात पुन्हा अ‍ॅनालॉग कशासाठी? आयपी एक्स्चेंज घेतले, तर फोन, इंटरनेट आणि कॅमेरे एकाच केबलवर येतील. खलाशांना इंटरनेट देण्याबाबतची सागरी कामगार करारातील दुरुस्तीही डिसेंबर २०२४ पासून लागू झाली आहे, म्हणजे नेटवर्क टाकावे लागणारच आहे.

जुना_इटीओ

नवे जहाज बांधत असते, तर मीही तेच सांगितले असते. इथे जुन्या जोड्या भिंतींमधून गेलेल्या आहेत. नेटवर्कची केबल १०० मीटरच्या पुढे मध्ये स्विच मागते, प्रत्येक स्विच बॅटरीची वीज मागतो, आणि प्रत्येक नवी केबल अग्निरोधक बल्कहेडमधून (जहाजाच्या आडव्या भिंतीतून) नेताना ते भोक पुन्हा नियमाप्रमाणे बंद करून सर्वेक्षकाला दाखवावे लागते. केबिनसाठी इंटरनेट वेगळे येऊ द्या. स्टिअरिंग गिअर रूममधला फोन मला तांब्याच्या दोन तारांवरच हवा.

तुर्भेकर

सर्वांचे मनापासून आभार. काम काल पूर्ण झाले, म्हणून झालेले इथे नोंदवतो.

कन्व्हर्टर बदलून अलग असलेला घेतला. बॅटरी जोडताना इलेक्ट्रिशियन स्वतः पॅनेलसमोर उभा राहिला होता. पॅनेलवर अर्थ फॉल्ट आला नाही आणि त्यानंतर त्याने चहा पाजला. सर्वांत जास्त वेळ गेला तो जुन्या जोड्या ओळखण्यात, कारण जंक्शन बॉक्समधील केबलच्या टॅगवर वर्षानुवर्षांचा पांढरा रंग इतका चढला होता की नखाने खरवडूनही अंक दिसेनात. शेवटी माझा मुलगा एकेका केबिनमध्ये टोन सोडत गेला आणि मी क्रोनवर प्रोब फिरवत राहिलो. ३२ पैकी २९ लाइन याच पद्धतीने लागल्या.

उरलेल्या तिघींपैकी पुढच्या स्टोअरच्या लाइनवर सतत गुणगुण होती. एक्स्चेंजकडचे जोड काढून जोडी तपासली, तेव्हा एक तार सांगाड्याशी काही हजार ओहम दाखवत होती. फोकसलखालचा (जहाजाच्या पुढच्या टोकाच्या डेकखालचा) बॉक्स उघडला, तर ग्लँडमधून (केबल आत शिरते त्या तोंडातून) पाणी शिरून टर्मिनलवर पितळी भांड्यावर यावा तसा हिरवा कळंक चढला होता. टर्मिनल पट्टी आणि ग्लँड दोन्ही बदलले, गुणगुण गेली. इतर दोन लाइन अजून सापडलेल्या नाहीत. त्या दोन केबिनना सध्या नव्या १६ पैकी दोन जोड्या दिल्या आहेत, क्रमांक मात्र जुनेच ठेवले आहेत.

सॅटेलाइट लाइनचा टोन खरोखरच ४२५ हर्ट्झचा निघाला. पहिल्या चाचणीत फोन ठेवल्यानंतरही ट्रंकचा दिवा चार मिनिटे लागलेला राहिला होता, टोन भरल्यावर तो दोन-तीन सेकंदांत विझू लागला. प्रोग्रामिंगची एक प्रत लॅपटॉपमध्ये आहे आणि दुसरी कागदावर छापून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून एक्स्चेंजच्या दाराच्या आतल्या बाजूला लावली आहे. सर्वेक्षक सोमवारी येणार आहेत.